सासूबाईंची खोली

"कडी आतून लावायची?" सुताराने दुसऱ्यांदा विचारलं.

"आतूनच. आणि चांगली जाड बसव. दोन धक्क्यांत निखळेल असली खेळण्यातली नको," सासूबाई म्हणाल्या.

सुताराने सुनेकडे पाहिलं. तिचा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये होता. डाव्या हातातला झाडू तिने भिंतीला टेकवला.

"आई, वय झालेल्या माणसाच्या खोलीला आतून कडी ठेवत नाहीत. तुम्ही आत पडलात तर आम्ही यायचं कसं? यांनी सकाळी निघताना बजावलंय, कडी अजिबात नको म्हणून."

"खोली त्याची की माझी?"

सुताराने ड्रिल उचललं.

सगळं सुरू झालं ते तिच्या या हातापासून. ती बाथरूममध्ये घसरून पडली आणि हात मोडला. थोरल्या मुलीकडे राहणाऱ्या सासूबाई तिला बघायला म्हणून आल्या, जेवल्या, बराच वेळ त्या प्लास्टरकडे बघत बसल्या आणि निघताना जाहीर करून टाकलं, "मी आता इथेच राहायला येते." सुनेला घाम फुटला. एका हाताने स्वतःची वेणी घालता येईना, त्यात आता सासूबाईंचे गुडघे, सासूबाईंची काठी आणि सासूबाईंची जीभ. त्यातली जीभ तेवढी ठणठणीत होती.

नवरा मात्र हरखला. आईवर जीव टाकणारा मुलगा म्हणून सगळ्या इमारतीत त्याचं कौतुक होतं. बाथरूममध्ये धरायला स्टीलच्या दांड्या, फरशीवर खरखरीत पट्ट्या, सगळं त्याने स्वतः निवडून आणलं. "एकदा घसरण्याचं प्रकरण झालं ते पुरे," असं तो जिन्यात भेटेल त्याला हसत सांगायचा. "आमच्या हिचं लक्षच नसतं ना!"

घरात त्याने एवढंच सांगितलं होतं, "आईला साधा ओरखडा जरी आला, तर बघ." त्यामुळे सून हात धुऊन घराच्या मागे लागली होती. सतरंज्या गुंडाळल्या, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला, वायरी कपाटामागे सारल्या. एवढं करूनही म्हातारीचा पाय कुठे अडखळलाच, तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. झोपेतही तिला सासूबाई पडताना दिसायच्या.

आणि सासूबाई काही हातभार लावतील तर शपथ! एवढ्याशा जिवाला त्यांनी दोघांची खाट मागवली. उशाशी बेल हवी म्हणाल्या, पण ती वाजायला हवी शेजारच्या नर्सबाईंच्या घरात.

"आजी, घरातली माणसं सोडून शेजारी?" सुतार हसला.

"घरातलं कोण ऐकणार आहे?" सासूबाई म्हणाल्या. सुनेला ते लागलं. इतकं राबूनही हेच ऐकायचं!

बाथरूमच्या दांड्या लावताना सुतार दारापाशी थबकला. "इथली कडी कुठे गेली? चौकटीचं लाकूडच फाटलंय की."

"दार फुगून अडकलं होतं. तोडावं लागलं," सून म्हणाली.

सासूबाईंनी फाटलेल्या लाकडावरून बोट फिरवलं.

संध्याकाळी सुतार गेला. सुनेने पुन्हा विनवून बघितलं.

"आई, तेवढी कडी काढून टाकू या ना. हे आले की..."

"आला की काय?"

"काही नाही. त्यांना आवडणार नाही."

"मला आवडलीय."

तिला रडू आलं. इतक्या वर्षांत या घरात खिळा कुठे ठोकायचा हेसुद्धा तिने ठरवलं नव्हतं, आणि आता तर ठरवणारे दोघे झाले होते. कुणाचंही ऐकलं तरी दुसऱ्याच्या मनातून ती उतरणारच होती.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

नवरा आत आला. आईच्या पाया पडला, दांड्या हलवून बघितल्या, खूश झाला. मग त्याची नजर खोलीच्या दारावर गेली.

"ही कडी कुणी लावली?"

आवाज अगदी शांत होता. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी नको म्हटलं होतं ना?" त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि टेबलावर नीट ठेवलं. "आई, तू जरा गॅलरीत जाऊन बस. छान वारा आहे."

सासूबाई काठी टेकत उठल्या. गॅलरीकडे न जाता त्यांनी सुनेचा चांगला हात धरला, तिला खोलीत ढकललं आणि दार ओढून घेतलं.

"कडी लाव," त्या बाहेरून म्हणाल्या.

आत कडी सरकल्याचा आवाज झाला. सासूबाईंनी खुर्ची ओढून दाराला टेकवली आणि तिच्यात बसल्या. मुलगा अगदी जवळ येऊन उभा राहिला, तशी त्यांनी मान वर केली.

"तुझ्या बापाच्या वेळी मला कडी नव्हती."