पोटरीवरची पट्टी

नव्या नियमानं रग्बी खेळणाऱ्या पोरींच्या पोटऱ्यांवरच्या विजेच्या पट्ट्या निघाल्या, तरी त्यांचे प्रशिक्षक इंगवले सर यांचा अंगठा रिकाम्या खिशात बटण शोधत होता. सात वर्षं त्यांनी बटण दाबलं की पट्टीच्या झटक्यानं मैदानावरच्या पोरीचा पाय आपोआप किक मारायचा. जिंकलं की पोरींचं कौतुक, हरलं की खापर सरांच्या माथी.

शेवटच्या मिनिटाला चेंडू सायमाकडे आला. समोर मोकळं रान होतं.

"पळ गं!" सर ओरडले.

तिनं किक मारली. चेंडू रेषेबाहेर गेला आणि सामनाही गेला.

सायमा घाम पुसत आली. "चुकलं माझं, सर. वारा बघायला हवा होता. पण पुढच्या वेळीही मी किकच मारणार."

"मार की!" सर म्हणाले.

त्या रात्री सर पोटभर जेवले. हरल्यावर पोटभर जेवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.