गॅलरीतला अडुळसा

डोंबिवलीच्या घरी, गॅलरीतल्या कुंडीत वाढवलेल्या अडुळशाची पानं जुईलीने ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासली आणि त्यांत चक्क हळदीतलं कर्क्युमिन सापडलं! भोईर सरांचा विश्वास बसेना. तिने दुसऱ्या दिवशी ताजी पानं खुडून आणली, पुन्हा चाचणी केली, कर्क्युमिन हजर!

"अगं, अडुळशात हे आजवर कुणालाच मिळालेलं नाही. तुझ्या प्रबंधाचं सोनं झालं बघ!" म्हणत सरांनी सगळ्यांना चहा पाजला.

जुईलीने तिथूनच घरी फोन लावला. "आई, आपल्या अडुळशाने कमाल केली!"



"करेल नाहीतर काय! तुझ्या प्रयोगाला यश यावं म्हणून रोज सकाळी तुळशीबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहतेय मी."