नंदिनीसाठी शिफारसपत्र

दिल्लीच्या पाहुण्यांनी गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला नमस्कार नंदिनीला केला, आणि शेजारी गुच्छ घेऊन उभ्या असलेल्या प्रफुल सरांचं तोंड कडू झालं.

वर्ध्याजवळच्या त्या सरकारी वैद्यकीय संशोधन केंद्रात सरांची सव्वीस वर्षं गेली होती. नंदिनी त्यांचीच विद्यार्थिनी, वडनेरच्या शेतकऱ्याची मुलगी. बोटातल्या थेंबभर रक्तावर दहा मिनिटांत सिकलसेल हा रक्ताचा आजार ओळखणारी पट्टी दोघांनी मिळून तयार केली होती. मूळ कल्पना सरांची. गावोगाव फिरून ती खरी करून दाखवली नंदिनीनं. पुण्याच्या एका कंपनीनं पट्टी बनवायला घेतली, तेव्हा करारावर मुख्य संशोधक म्हणून सरांचं नाव लागलं. पण गावातल्या बाया तिला म्हणायच्या ‘नंदिनीताईची पट्टी’. ते कानावर आलं की सरांना त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही.

आता जूनअखेर संचालक लक्ष्मणराव निवृत्त होणार होते. त्या खुर्चीसाठी ज्येष्ठांच्या यादीत दोनच नावं होती, सरांचं आणि नंदिनीचं. संचालकाच्या नावावर कारखान्यापर्यंत पोचलेला एक तरी शोध हवा, अशी अट होती. सरांना त्या अटीची चिंता नव्हती. चिंता होती ती नेमणूक करणाऱ्या दिल्लीवाल्यांच्या त्या नमस्काराची.

त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुख्यालयात एक जागा निघाली. देशभरातले शोध कारखान्यांपर्यंत पोचवणाऱ्या विभागाचं प्रमुखपद. वरिष्ठांची शिफारस हवी होती. सरांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि घरी येऊन लगेच लिहायला बसले.

त्यांची बायको नलू चहा घेऊन आली. खांद्यावरून तिनं चार ओळी वाचल्या आणि चकित झाली.

“काऊन इतकी तारीफ करून राह्यले तिची? एरवी तर नाव काढलं का कपाळाले आठ्या पडते तुमच्या.”

“दिल्लीले गेली का सुटलो ना मी,” सर म्हणाले. “इथं मंग कोण उरते?”

पत्र तीन पानी झालं. नंदिनीची हुशारी, तिची चिकाटी, लोकांना आपलंसं करण्याची हातोटी, काही सोडलं नाही. तरी सरांचं समाधान होईना. एवढ्यावर दिल्ली तिला उचलून नेईल याची खात्री वाटेना. शेवटी त्यांनी मन घट्ट करून लिहिलं, की पट्टीची मूळ कल्पनाही तिचीच. विभागप्रमुख या नात्यानं माझं नाव केवळ रीत म्हणून लागलं. मग त्यांनी सही ठोकली. दिल्लीच्या फायलीतला कागद वर्ध्याच्या फायलीत कोण बघायला जातो, एवढं सरकार त्यांनी ओळखलं होतं.

पत्राची प्रत नंदिनीनं त्यांच्या टेबलासमोर उभं राहूनच वाचली. ती गावाकडची बोली केंद्रातही सोडायची नाही.

“सर, हे खरं नाई. कल्पना तुमची होती.”

“राहू दे. तुझं भलं होत असेल तर माझं काय जातं?”

ती वाकून पाया पडली. सरांना थोडी लाज वाटली. चहा येईपर्यंत ती लाज गेलीही.

नंदिनी मुलाखतीला गेली. इकडे सर कामाचं निमित्त काढून लक्ष्मणरावांच्या खोलीत दोनदा जाऊन बसले. पडदे बदलायचे आणि टेबल खिडकीकडे सरकवायचं, हे त्यांनी मनात ठरवून टाकलं. कित्येक महिन्यांनी त्यांना शांत झोप लागली.

चौथ्या दिवशी नंदिनी परतली ती तडक त्यांच्याच खोलीत आली. डोळे सुजलेले होते. सरांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

“दिल्ली नाई घेतली मी, सर.”

“काऊन?” घरची बोली सरांच्या तोंडून केंद्रात पहिल्यांदाच निसटली.

“त्याईनं तुमचं पत्र समितीपुढं मोठ्यानं वाचलं. मले रडूच आलं. म्हटलं, आपला शोध विद्यार्थिनीच्या नावावर लिहून देणाऱ्या माणसाले सोडून मी कुठंच जात नाई. मले वर्ध्यातच सरांच्या हाताखाली राहू द्या.”

तिनं पदरानं डोळे पुसले.

“मंग त्याईनं इथल्या संचालकपदाची फाईल मागवली. मी हात जोडून सांगतलं, सर, का कल्पना तुमचीच होती. तर ते म्हणे, हा तुमचा मोठेपणा झाला, मॅडम, पण कागदावर सही सरांची आहे. एक तारखेपासून वर्ध्याच्या संचालक तुम्ही.”