हिरवा रस्ता

वणव्याचा नकाशा दाखवणाऱ्या सर्व्हरच्या कर्नलमधलं, म्हणजे त्याच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅममधलं, कुलूप मी लिहिलं होतं. नियम सोपा: नकाशा वाचणारे कितीही जण एकदम आत जाऊ शकतात; त्यात बदल लिहिणाऱ्यानं मात्र सगळे बाहेर पडेपर्यंत थांबायचं. आधीच कुणी वाचत असेल तर नवा वाचणाराही थेट आत, त्यामुळे नकाशा झटकन उघडायचा. ते कुलूप बसवलं त्या दिवशी कॅनबेराच्या ऑफिसात आम्ही लॅमिंग्टन केक खाल्ले. "आणि वाचणारे संपलेच नाहीत तर?" माझ्याबरोबर काम करणाऱ्या टॅमसिननं विचारलं. "अगं बाई, माणसं कधीतरी फोन खाली ठेवतातच की," मी म्हणालो. जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात वणवा पेटला आणि वारा फिरला. डोंगरातला रस्ता नकाशावर लाल, म्हणजे बंद, करायची नोंद कंट्रोल रूममधून लगेच निघाली आणि माझ्या कुलपापाशी एकोणीस मिनिटं उभी राहिली, कारण अख्खं खोरं नकाशा बघत होतं. माझी बहीण ब्रॉनी त्याच रस्त्यानं निघाली होती. ती पोचली नाही. अंत्यविधीनंतरच्या सोमवारी टॅमसिननं त्या एकोणीस मिनिटांच्या नोंदींचा कागद माझ्यापुढे ठेवला. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "हा एक जण दर दोन सेकंदांनी आत शिरतोय. कोण असेल रे?" पत्ता माझ्याच लॅपटॉपचा होता. "मी," मी म्हणालो. "ब्रॉनीला फोनवर सांगत होतो. अजून हिरवाच आहे गं, ये."