शून्य मिलिमीटर

लॅपटॉपच्या काळ्या चौकटीत लाल अक्षरं उमटली, तेव्हा हेमलताबाईंनी आधी चष्मा पुसला, मग पडदा. अक्षरं तशीच. रोज सकाळी तिथं एक हिरवी ओळ यायची आणि त्यांचं काम व्हायचं. अडीच वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

त्यांनी वही उघडून पुन्हा सगळं टाइप केलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. पुन्हा लाल. मग जिन्याखाली उभं राहून त्यांनी वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलीला हाक मारली. "क्षितिजा, जरा खाली ये गं. हे माजं ऐकंना झालंय."

क्षितिजा लातूरची, हिंजवडीत एका कंपनीत कामाला. रविवार होता. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळूनच ती खाली आली आणि पडदा बघून जागीच थांबली. हिंजवडीशेजारच्या नेरे गावातल्या घरमालकिणी दूध घालतात, खोल्या भाड्यानं देतात, एवढं तिला माहीत होतं. क्लाउडवर कमांड चालवणारी घरमालकीण तिनं पहिल्यांदाच पाहिली.

"काकू, हे तुम्ही करता?"

"एवढी एकच ओळ येती मला. गच्चीवर निषादनं पाऊस मोजायची नळी बसवलीया न्हवं, तिचा आकडा धाडायचा. रोज."

"आजचा आकडा काय?"

"शून्य."

"आणि कालचा?"

"शून्यच की. मार्चात पाऊस पडतोय व्हय?"

"मग रोज कशाला पाठवायचं?"

"न्हाई पाठवलं तर त्याला वाटंल, हितं कुणी न्हाई."

निषाद त्यांचा मुलगा, परदेशात असतो, हे तिला ठाऊक होतं. बाकीचं सगळ्या आळीला ठाऊक होतं. बिल्डरला जमीन दिली त्या आठवड्यात बापलेकांचं वाजलं. दादासाहेब म्हणाले, परत या उंबऱ्यात पाऊल ठेवू नको. एरवी एक शब्द न ऐकणाऱ्या पोरानं तेवढं बरं ऐकलं. खरेदीखतावर आईचीही सही होती, म्हणून तो तिचाही फोन उचलत नाही. जायच्या आदल्या दिवशी मात्र त्यानं तिला शेजारी बसवून ही एक ओळ शिकवली होती, आणि वहीत लिहून दिली होती.

क्षितिजा खुर्ची ओढून बसली. नेट चालू होतं. वहीतली ओळ आणि पडद्यावरची ओळ तिनं अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. कुठं जागा जास्त सुटली नव्हती. लॅपटॉपची तारीख-वेळ चुकली तरी असं होतं, पण तीही बरोबर होती. शेवटी तिनं सविस्तर कारण मागवून तीच कमांड पुन्हा चालवली आणि पडदाभर आलेल्या इंग्रजीतून एक तारीख शोधून काढली.

"काकू, तुमचं काही चुकलेलं नाही. निषादनं तुम्हाला त्याच्या क्लाउडवरच्या खात्यात शिरायची परवानगी दिलीय ना, तिची मुदत काल संपली."

"म्हंजे त्यानं बंद केलं?"

"बंद नाही केलं, संपली. सहा महिन्यांचीच दिसतेय ही." बोलता बोलता ती थबकली. "पण त्यानं तुम्हाला शिकवलं अडीच वर्षांपूर्वी. म्हणजे मध्ये चार वेळा संपली असणार, आणि चारही वेळा त्यानं वाढवली. हे आपोआप होत नाही, काकू. आत जाऊन स्वतः करावं लागतं."

हेमलताबाईंनी बोटांवर मोजलं. चार वेळा. दर सहा महिन्यांनी पोरगं आठवणीनं बसलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांना आनंद झाला, आणि लगेच, मग पाचवी वेळ का चुकली, हा घोर लागला.

"आता त्याला कळवायचं कसं?"

"तुम्ही प्रयत्न केला आणि तो नाकारला गेला, याचीही तिकडे नोंद होते. त्यानं बघितली तर कळेल."

"नाकारल्यालं बी दिसतंय त्याला?" हेमलताबाईंनी लॅपटॉप आपल्याकडं ओढला. "मग सरक."

त्या दिवशी ती ओळ त्यांनी किती वेळा टाइप केली, कोण जाणे. भाजीला फोडणी घातली की एकदा, धुणं वाळत घातलं की एकदा. "हे काय लावलंय सकाळधरनं?" दादासाहेबांनी जेवताना विचारलं. त्यांना आमटी मिळाली, उत्तर नाही. वरच्या बाणाचं बटण दाबलं की तीच ओळ परत येते, टाइप करायला नको, असं क्षितिजानं सांगून पाहिलं. पण काकूंना ती हातानंच लिहायची होती.

ऊन उतरलं आणि जिन्याखालून हाक आली. क्षितिजा धावत खाली आली. पडद्यावर हिरवी ओळ होती. शून्य पोचलं होतं. हेमलताबाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

"बघितलं गं त्यानं. रविवार हाय, घरीच आसंल. बघितलं." मग खुर्ची सोडून त्या बाजूला झाल्या. "आता हे कवापर्यंत चालंल तेवढं बघ. म्हंजे फुडल्या येळंला मी ध्यान ठिवीन."

क्षितिजानं आणखी एक कमांड देऊन पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. "काकू, तुमची काळजीच मिटली. या वेळी त्यानं एकदम दहा वर्षांची मुदत दिलीय."

"धा वर्षं?"

"हो ना. आता दहा वर्षं निषादला हातच लावायला नको."

हेमलताबाई त्या हिरव्या ओळीकडं बघत राहिल्या. पदरानं डोळे पुसले. वही मिटली, परत उघडली.

"क्षितिजा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हितनं ती कमी करता येती का गं? सहाच म्हैन्याची कर."