पांढऱ्यावर पांढरं

"मावशी, तास होत आला. तुमचं पान अजून कोरंच?" इलिंकाने विचारलं.

"कोरं कसलं? निम्मं झालंय," दोम्निका म्हणाली. तिने पडद्यावरून नजरसुद्धा हलवली नाही.

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. पडद्यावर खरोखरच काही नव्हतं. पांढरंशुभ्र पान, आणि त्यावर इकडून तिकडे फिरणारा बाण.

इलिंका कानकोंडी झाली. वाचनालयात ती संगणकावर चित्रं काढायला शिकवायची, आणि आज शेवटचा तास होता. छापखान्याचे मालक ग्रिगोरे खिडकीशी उभे होते. ईस्टरच्या चॉकलेटच्या डब्यांसाठी त्यांना चित्र हवं होतं. ज्याचं पसंत पडेल त्याला छापखान्यात काम. साठीची दोम्निका त्याचसाठी तर आली होती. चाळीस वर्षं तिने अंडी रंगवली, बुकोविना प्रांतातल्या अर्ध्या गावांना ईस्टरला तिचीच अंडी लागत. मग हात थरथरू लागला, आणि दोन वर्षांत एकही अंडं रंगवून झालं नाही. पहिल्या दिवशी इलिंकाने संगणकातलं पेन दाखवलं होतं: इथे एक टिंब ठेवा, तिथे दुसरं, मधली रेघ संगणक ओढतो. दोम्निकाने टेबलावर थाप मारली होती. "अगं, म्हणजे हा थरथरत नाही की!" त्यानंतर बाईने एक तास बुडवला नाही.

आणि आज हे असं. राजधानी बुखारेस्टहून आलेल्या इलिंकाला भारी वाईट वाटलं. "असू दे मावशी, पुन्हा सुरू करू," म्हणत फाइल बंद करायला तिने माउसकडे हात नेला.

दोम्निकाने तो फटकन उडवला. "खबरदार! अजून पिवळ्यात बुडवलं नाहीये."

"काय बुडवलं नाहीये?"

"पान! त्याचा रंग कुठून बदलतात तेवढं सांग. बाकीचं मला येतं."

इलिंकाने दाखवलं. पान पिवळं झालं, आणि त्यावर पांढऱ्या रेघांची नाजूक जाळी उमटली. मागच्या रांगेतले उठून पाहू लागले. दोम्निकाने मग पिवळ्या पानावर पिवळी पानंफुलं काढली, काही दिसेना. पान लाल केलं, ती दिसली. लालावर लाल चांदण्या काढल्या आणि शेवटी पान काळं केलं.

ग्रिगोरे जवळ आले आणि खो खो हसत इलिंकाला म्हणाले, "अहो बाई, आमच्याकडे अंडी अशीच रंगवतात! पांढरं राखायचं ते आधी मेणाने झाकायचं, मग अंडं पिवळ्यात बुडवायचं. पिवळं राखायचं ते झाकायचं, मग लालात. शेवटी काळ्यात. मग मेण पुसलं की सगळे रंग दिसतात."

इलिंकाने कपाळाला हात लावला. "अहो मावशी, पण इथे काळ्यावर थेट पांढरं काढता येतं!"

"काळ्यावर पांढरं? काहीतरीच तुझं!"

इलिंकाने काळ्या पानावर एक पांढरं फूल काढून दाखवलं.

"अगं बाई!" दोम्निका किंचाळलीच. "मग आधी सांगायला काय झालं होतं तुला? माझी अख्खी सकाळ गेली की!"

सगळा वर्ग हसला. दोम्निका सगळ्यांत मोठ्याने हसली.

"फुकट नाही गेली," ग्रिगोरे म्हणाले. "सोमवारपासून या कामावर. हेच चित्र छापतो. पाच हजार डब्यांवर."

दोम्निकाचं हसू थांबलं. मांडीवरचा थरथरणारा हात तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरला. डोळे भरून आले होते.

"पाच हजार?" ती म्हणाली. "आणि त्यातलं एकही फुटायचं नाही?"