दाराआडचा आवाज

सासूनं चालू व्हॅक्यूम क्लीनरवर तळहात टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि मान हलवली.

"हा पण नको."

दुकानदारानं बटण बंद केलं. एव्हाना निम्मी मशीनं फळीवरून खाली आली होती, पण गडी चिकाटीचा होता. "काकू, याच्यात खोट काय ते तरी सांगा. माझ्या स्वतःच्या घरी हाच आहे. आज घेतलात तर उद्या तुमची नातवंडंसुद्धा हाच फिरवतील."

सासू त्याच्या ओठांकडे बघत होती. तिचं उभं आयुष्य कापडाच्या कारखान्यात, मागांवर गेलं होतं. त्या खडखडाटानं तिचे कान कधीच नेले होते. समोरचा तोंडाकडे बघून बोलला की तिला सगळं समजे, त्यानं पाठ फिरवली की संपलं. आपला आवाज किती चढतो तेही तिला कळत नसे. तिचं साधं बोलणं शेजारच्या दुकानापर्यंत जाई.

"पाइप चिरला तर सुटा मिळतो का?" तिनं विचारलं. "आणि बिघडला तर दुरुस्त करणारा घरी येतो, की आम्हीच उचलून आणायचा?"

दुकानदार तपशिलात शिरला. सून बाजूला उभी राहून या पायावरचा भार त्या पायावर टाकत होती. ती इस्पितळात नर्स होती आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिला रात्रपाळी लागली होती. सुट्टीचा दिवस झोपेत घालवायचा सोडून ती इथे आली होती, त्याला कारणही तसंच होतं.

सकाळी ती घरी येऊन झोपायची. आणि त्याच वेळी सासू एक हात गुडघ्यावर ठेवून, वाकून, अख्खं घर झाडूनं झाडायची. घरात व्हॅक्यूम होता, पण तो पलंगाखाली पडून असायचा. "बिघडलाय," एवढंच सासू म्हणाली होती. दुरुस्तीला टाकू म्हटलं, तर म्हणे राहू दे. मग एकदा जिन्यात शेजारीण हसत हसत म्हणाली, "तुझं बरं आहे बाई, सासू झाडते आणि सून झोपते." ते सुनेच्या मनाला लागलं. सासू हे मुद्दाम करते, चारचौघांना दिसावं म्हणून करते, असं तिच्या डोक्यानं घेतलं. गेल्याच आठवड्यात तिनं नवऱ्याजवळ वेगळं राहायचा विषय काढला होता. तो नुसता पायाकडे बघत बसला. तेव्हा तिनं मनाशी ठरवलं, जायच्या आधी घरात एक चांगला, खात्रीचा व्हॅक्यूम आणून टाकायचा. म्हणजे मागे कुणी बोट दाखवायला नको.

दुकानदारानं आणखी एक मशीन खाली काढलं. सासूनं त्यावर हात ठेवला नाही. तिनं मागच्या दाराकडे बोट केलं.

"ती खोली कसली?"

"माल ठेवतो आम्ही. खोकी वगैरे."

"हिला जरा आत जाऊ दे." ती सुनेकडे वळली. "जा गं. दार लावून घे आणि डोळे मिटून उभी राहा."

सून गेली. खोक्यांच्या चळतीत डोळे मिटून उभं राहताना तिला आपलं आपल्यालाच हसू आलं, मग राग आला. बाहेर मोटर सुरू झाली, फिरली, थांबली. ती बाहेर आली.

"ऐकू आलं?" सासूनं विचारलं.

"आलं. थोडंसं."

"मग नको."

दुकानदारानं दुसरं मशीन लावलं. सून पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली आणि पुन्हा तेच. मग मात्र तिचा तोल गेला.

"आई, तुम्हाला तर ऐकूच येत नाही. मशीननं कितीही आवाज केला तरी तुम्हाला काय फरक पडतो?"

बोलल्या बोलल्या तिची तिलाच लाज वाटली. दुकानदार खाली मान घालून वायर गुंडाळू लागला. सासूनं शब्द न् शब्द टिपला होता. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मला कसला फरक पडतोय," ती म्हणाली. "तुझी रात्रपाळी लागली, त्या पहिल्या दिवशी मी सकाळी आपला तो जुना लावला. छान घर साफ केलं. तू बाहेर आलीस तर डोळे लालबुंद. म्हणालीस, झोप झाली माझी. मला काय दिसत नव्हतं? त्या दिवशी तो पलंगाखाली ढकलला. तो बिघडलेला नाही."

"मग मी उठल्यावर लावायचा ना, आई," सून कशीबशी म्हणाली.

"सकाळी घर झाडल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. खोड माझी, तिची शिक्षा तुला कशाला?"

सुनेनं सासूचा हात धरला. सासूनं काउंटरपाशी इकडे तिकडे पाहिलं, मग खासगी बोलावं तशी पुढे झुकली. तिनं आवाज खाली आणायचा प्रयत्नही केला, पण तो अख्ख्या दुकानाला ऐकू गेला.

"झाडूचा आवाज होत नाही ना गं?"